डॉक घेण्याआधी लॅपटॉपचं पोर्ट बघा: डॉकिंग स्टेशन निवडायची पद्धत, क्रमाने

"अरे डॉक आला, लावला, पण दुसरा मॉनिटर दिसतच नाहीये" हा फोन मला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येतोच, आणि दर वेळी गोष्ट तीच असते. (डॉक म्हणजे लॅपटॉपला एका केबलने जोडायचा डबा, मॉनिटर, कीबोर्ड, लॅन सगळं त्याला लावायचं.) माणसाने फोटोत डॉकची पोर्टं मोजलेली असतात, दोन एचडीएमआय, चार यूएसबी, लॅन, कार्ड रीडर, वा वा, आणि ऑर्डर टाकलेली असते. लॅपटॉपच्या पोर्टातून मुळात काय बाहेर येतं ते कुणी बघितलेलंच नसतं. डॉक म्हणजे पंगतीतला वाढपी, पातेल्यात जेवढं आहे तेवढंच तो वाढणार. म्हणून खालचा क्रम उलटा करू नका, आणि पहिले पाच टप्पे होईपर्यंत शॉपिंगचं अ‍ॅप उघडूच नका.

## टप्पा १: आधी कागदावर लिहा

खरंच कागदावर, डोक्यात नाही. मॉनिटर किती, प्रत्येकाचं रिझोल्यूशन किती, हर्ट्झ किती (म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढतो), आणि त्याच्या पाठीमागे कुठली सॉकेटं आहेत. हे शेवटचं हमखास राहतं, कारण मॉनिटरची पाठ भिंतीला असते आणि तो वळवायचा कंटाळा येतो, तर मोबाइल मागे घालून टॉर्च लावून फोटो काढा, काम झालं.

मग लॅपटॉपचा चार्जर उलटा करा. बारीक अक्षरांत आउटपुट लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार करा, ६५ वॅट. हा आकडा कागदावर मोठा लिहा, टप्पा ५ मध्ये लागणार आहे.

त्याखाली कायम जोडलेल्या राहणाऱ्या वस्तू: कीबोर्ड, माउस, वेबकॅम, हेडसेट, बाहेरची हार्ड डिस्क, लॅनची वायर. कधीतरी लावायचा पेन ड्राइव्ह यात धरू नका. आणि शेवटची ओळ, लॅपटॉप स्वतःचा का कंपनीचा? कंपनीचा असेल तर सॉफ्टवेअर टाकायची परवानगी तुमच्याकडे आहे का, हे आत्ताच आयटीवाल्यांना विचारून ठेवा.

## टप्पा २: लॅपटॉपचं पोर्ट ओळखा

सगळी गडबड इथेच होते, त्यामुळे इथे वेळ घालवा.

यूएसबी-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. त्या भोकातून काय जातं ते लॅपटॉप बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. एकसारख्या दिसणाऱ्या पोर्टांचे व्यवहारात तीन प्रकार होतात.

पहिला, नुसता डेटा. स्वस्त लॅपटॉपवर आणि काही गेमिंग लॅपटॉपवरही असलं पोर्ट असतं. पेन ड्राइव्ह चालतो, मोबाइल चार्ज होतो, पण मॉनिटरचं सिग्नल त्यातून येतच नाही. असल्या पोर्टाला कितीही भारी साधा डॉक लावा, एचडीएमआयवर अंधार.

दुसरा, डेटा आणि डिस्प्ले दोन्ही, आणि बहुतेक वेळा चार्जिंगही. डिस्प्लेच्या या सोयीला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. ऑफिसच्या बऱ्याच लॅपटॉपवर हेच असतं. काही गेमिंग लॅपटॉपवर डिस्प्ले येतो पण चार्जिंग होत नाही, हेही लक्षात ठेवा.

तिसरा, थंडरबोल्ट किंवा यूएसबी४, डेटा आणि डिस्प्ले दोन्ही नेणारी जास्त वेगवान जात. थंडरबोल्ट ३ आणि ४ दोन्ही सेकंदाला ४० गिगाबिटचे, पण थंडरबोल्ट ४ चा छापा हवा असेल तर ६० हर्ट्झचे दोन ४के मॉनिटर चालवता आलेच पाहिजेत अशी अट आहे, थंडरबोल्ट ३ ला एकाचीच होती. यूएसबी४ मध्ये २० गिगाबिटचंही असतं आणि ४० चंही, त्यामुळे नुसतं नाव वाचून थांबू नका.

ओळखायचं कसं? पोर्टाच्या बाजूला बारीक खुणा असतात, उन्हात नाहीतर टॉर्चमध्ये लॅपटॉप तिरका धरून बघा. विजेचा बाण म्हणजे थंडरबोल्ट. इंग्रजी डी आणि पी एकत्र केल्यासारखं चिन्ह म्हणजे डिस्प्ले. बॅटरी किंवा प्लग काढलेला असेल तर चार्जिंग. पण बऱ्याच लॅपटॉपवर काहीच छापलेलं नसतं, आणि एकाच लॅपटॉपची दोन यूएसबी-सी पोर्टं वेगवेगळी असू शकतात, डावीकडचं सगळं करतं, उजवीकडचं फक्त डेटा. त्यामुळे खुणेवर निर्णय घेऊ नका. लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्याच नंबरचं स्पेसिफिकेशनचं पान काढा. मॉडेलचं नुसतं नाव टाकून शोधलं तर त्याच नावाची पाच व्हेरिएंट निघतात आणि तुम्ही चुकीचं पान वाचत बसता.

विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस, त्यात यूएसबी, तिथे यूएसबी४ हब्स अँड डिव्हाइसेस अशी ओळ दिसली तर निदान एक पोर्ट तिसऱ्या प्रकारचं आहे. मॅकवर सिस्टिम रिपोर्टमध्ये थंडरबोल्टची वेगळी ओळ असते.

सावधान: जाड आयताकृती यूएसबी-ए पोर्टाच्या बाजूलाही विजेचा बाण असू शकतो. लॅपटॉप बंद असताना मोबाइल चार्ज होतो एवढाच त्याचा अर्थ. थंडरबोल्ट ३ पासून पुढे आकार यूएसबी-सीचाच.

तपासा: मित्राकडून किंवा ऑफिसातून यूएसबी-सी टू एचडीएमआय केबल एका दिवसासाठी मागून आणा आणि प्रत्येक पोर्टाला लावून बघा. चित्र आलं तर डिस्प्ले आहे. तसाच एखादा यूएसबी-सी लॅपटॉप चार्जर लावून बघा. दोनशे रिव्ह्यू वाचण्यापेक्षा ही दहा मिनिटं कामाची.

## टप्पा ३: मॉनिटरचं गणित

इथे माझीच फजिती सांगतो. ४के मॉनिटर घेतला, त्यासाठी एक हब, म्हणजे डॉकचा छोटा भाऊ, घेतला, डब्यावर ठसठशीत लिहिलेलं, ४के सपोर्ट. लावल्यावर चित्र एकदम कडक. पण माउस हलवला की पॉइंटर मागून फरफटत यायचा, स्क्रोल करताना अक्षरं उड्या मारायची. आठवडाभर मी माउसला शिव्या दिल्या, नवीन माउस घेतला, तरी तेच. मग एका रात्री डिस्प्ले सेटिंग्ज उघडलं तर तिथे ३० हर्ट्झ. हबमधलं एचडीएमआय जुन्या १.४ चं होतं, त्यात ४के म्हणजे ३०च. ६० हवं तर एचडीएमआय २.० किंवा पुढचं लागतं. डब्यावर खोटं काहीच नव्हतं, अर्धंच लिहिलं होतं.

३० हर्ट्झवर अडकायचं दुसरं कारण जरा खोलातलं आहे पण समजून घ्या, पैसे वाचतील. यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान सिग्नलच्या चार लेन असतात. डॉकवर यूएसबी ३ चा वेग हवा असेल तर दोन लेन डेटाला जातात आणि मॉनिटरला उरतात दोन. लॅपटॉप जुना, डिस्प्लेपोर्ट १.२ वाला असेल तर त्या दोन लेनमधून जेमतेम ८.६४ गिगाबिट चित्र जातं, आणि ४के ६० हर्ट्झला साडेबाराच्या आसपास लागतात. म्हणून ३० वर बसतं. डिस्प्लेपोर्ट १.४ असेल तर दोन लेनमधून १२.९६ मिळतात, म्हणजे एक ४के ६० काठोकाठ बसतो. दुसरा ४के त्यात कुठे बसवणार? चित्र दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवायची सोय, जिला डीएससी म्हणतात, ती लॅपटॉप आणि डॉक दोघांकडे असली तर जमतं, नाहीतर थंडरबोल्टकडे वळायचं.

साध्या भाषेत माझा हिशोब असा. एक फुल एचडी किंवा एक ४के, तर नीट निवडलेला साधा यूएसबी-सी डॉक किंवा हब पुरतो. दोन फुल एचडी असतील आणि लॅपटॉप विंडोजचा, तर साधा यूएसबी-सी डॉक चालतो. दोन ४के ६० हर्ट्झवर हवेत आणि डीएससी नाही, तर खात्रीचा मार्ग थंडरबोल्ट ४ लॅपटॉप आणि थंडरबोल्ट ४ डॉक, दोन्ही. एकावर भागेलच असं नाही.

### मॅकवाल्यांनी हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये

साधे यूएसबी-सी डॉक एका सिग्नलचे दोन मॉनिटर करतात ते एमएसटी नावाच्या पद्धतीने, आणि मॅकओएस ती पद्धत दोन वेगळे स्क्रीन करायला वापरू देत नाही. माझ्या बहिणीने असाच दोन एचडीएमआयवाला हब मॅकबुकला लावला, दोन्ही मॉनिटरवर तीच एक्सेलची शीट, डावीकडे पण आणि उजवीकडे पण. हब बिघडलेला नव्हता, तो असंच करणार.

त्यातून चिपची मर्यादा वेगळी. साध्या एम१ आणि एम२ वाल्या मॅकबुकला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, थंडरबोल्टचा कितीही महाग डॉक आणला तरी एकच. एम३ च्या एअरला दोन चालतात पण झाकण बंद ठेवून. एम४ च्या एअरला झाकण उघडं ठेवून दोन. प्रो आणि मॅक्स चिपवाल्यांना दोन किंवा जास्त. अ‍ॅपल मेनूमधल्या अबाउट धिस मॅकमध्ये चिपचं नाव बघा आणि कागदावर लिहा.

## टप्पा ४: डिस्प्लेलिंक हवं का नको ते ठरवा

वरच्या गणितात तुमचा लॅपटॉप नापास झाला, पोर्ट नुसतं डेटाचं निघालं किंवा एम१ एअरला दोन मॉनिटर हवेतच, तर एक पळवाट आहे, डिस्प्लेलिंकवाला डॉक. हा चित्र दाबून साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो, त्यामुळे जुन्या यूएसबी-ए पोर्टावरही चालतो.

किंमत मात्र दुसरीकडून वसूल होते. ड्रायव्हर, म्हणजे डॉक चालवणारं सॉफ्टवेअर, टाकावाच लागतो, म्हणजे कंपनीच्या लॅपटॉपवर परवानगी नसेल तर विषय संपला. प्रोसेसरवर थोडा ताण येतो. मॅकवर त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते, आणि पैसे भरून बघायच्या ओटीटीवर चित्र काळं येतं. एक्सेल, मेल, कोडिंग, ब्राउझर यासाठी मस्त चालतं. गेम, व्हिडिओ एडिटिंग असेल तर नको.

सावधान: जाहिरातीत "सगळ्या लॅपटॉपला तीन मॉनिटर" असं दिसलं की तो बहुतेक डिस्प्लेलिंकवालाच असतो. ड्रायव्हर लागतो का, एवढा एक प्रश्न विक्रेत्याला विचाराच.

## टप्पा ५: वॅट

कागदावरचा चार्जरचा आकडा काढा. डॉकच्या पानावर दोन वेगवेगळे आकडे असतात आणि विकणारे मोठा पुढे करतात. डॉकचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर समजा १३० वॅटचा, पण लॅपटॉपला त्यातून ९० च मिळतात, बाकीचे डॉक स्वतः आणि त्याची पोर्टं खातात. तुम्हाला लॅपटॉपला मिळणारा आकडा हवाय.

काही कंपन्यांचे डॉक स्वतःच्या लॅपटॉपला जास्त आणि दुसऱ्यांना कमी देतात. डेलचा डब्ल्यूडी१९ डेलच्या लॅपटॉपला १३० वॅटपर्यंत देतो, बाकीच्यांना ९०.

स्वतःचा अ‍ॅडॅप्टर नसलेला छोटा हब असेल तर हिशोब वेगळा. त्यावर १०० वॅट लिहिलेलं असतं ते तो सोसू शकतो त्याचं. तुम्ही त्यात ६५ चा चार्जर लावणार, हब स्वतःसाठी दहा-पंधरा ठेवणार, लॅपटॉपला पन्नासच्या आसपास. मेल आणि मीटिंगला पुरतं. पण कंपाइल लावलं, एडिटिंग केलं, तर चार्जिंगला लावलेला असून बॅटरी उतरत जाते आणि मग बॅटरी खराब झाली म्हणून लोक सर्व्हिस सेंटर गाठतात.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या १८०, २३० वॅटच्या लॅपटॉपवाल्यांनी डॉककडून पूर्ण चार्जिंगची आशा सोडा. मूळ चार्जर लावलेला ठेवा आणि डॉक फक्त मॉनिटर आणि यूएसबीसाठी वापरा.

## टप्पा ६: बाकीची पोर्टं, आणि एक लॅनची भानगड

आता मोजा हवी तेवढी पोर्टं. कायमच्या वस्तू अधिक दोन, एवढी यूएसबी पुरे. पुढच्या बाजूला एक तरी हवं, पेन ड्राइव्हसाठी मागे हात घालून चाचपडायला वैताग येतो. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर डॉकवरही तेच असलेलं बरं.

कंपनीच्या नेटवर्कवर लॅन लावणार असाल तर मात्र थांबा. बऱ्याच ऑफिसांत मॅक अ‍ॅड्रेस (म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा ओळख क्रमांक, अॅपलच्या मॅकशी संबंध नाही) नोंदवलेलं मशीनच नेटवर्कवर येतं, आणि डॉकच्या लॅनचा मॅक अ‍ॅड्रेस वेगळा असतो. वायर लावलीये, दिवा लुकलुकतोय, आणि नेट नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचाच डॉक घेतला तर पास-थ्रूची सोय मिळू शकते, म्हणजे डॉक लॅपटॉपचाच अ‍ॅड्रेस दाखवतो. घरून काम करणाऱ्यांना हे डोक्याला लावून घ्यायची गरज नाही.

## टप्पा ७: केबल

डॉकबरोबर आलेली केबल हीच वापरायची, आणि तिच्यावर मार्करने खूण करून ठेवायची, कारण घरात एकसारख्या दिसणाऱ्या सहा यूएसबी-सी केबल असतात आणि त्यातल्या मोबाइलबरोबर आलेल्या बऱ्याच फक्त चार्जिंग आणि यूएसबी २ च्या. ती लावली की मॉनिटर गायब. साधी केबल ३ अँपिअर म्हणजे ६० वॅटपर्यंतच, १०० साठी ५ अँपिअरची लागते. "केबल आखूड आहे, लांब घेतो" हा मोह तर आवराच. थंडरबोल्ट ३ ची साधी केबल अर्ध्या मीटरपेक्षा लांब झाली की वेग निम्म्यावर येतो. लांब हवीच असेल तर थंडरबोल्ट ४ छापलेली घ्या, ती २ मीटरपर्यंत ४० गिगाबिट देते.

मॉनिटरच्या केबलमध्येही एक सापळा आहे. डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय केबल एकाच दिशेने चालते, डॉकला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय. उलटी लावली तर काहीच येत नाही, आणि दुकानदार हे सांगतोच असं नाही.

## टप्पा ८: आता खरेदी

कागद समोर ठेवा आणि डॉकच्या पानावर या गोष्टी शोधा: एचडीएमआयचं व्हर्जन, दोन मॉनिटर *एकाच वेळी* लावल्यावरचं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ, लॅपटॉपला मिळणारे वॅट, ड्रायव्हर. "एकाच वेळी" वर जोर देतोय, कारण पानावर बऱ्याचदा एका मॉनिटरचा आकडा मोठा आणि दोघांचा खाली तळटीपेत असतो.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन घेणार असाल तर लॅपटॉप बरोबर न्या, दुकानातच लावून दाखवा म्हणा. ऑनलाइन घेणार असाल तर परत घेतात का फक्त बदलून देतात ते आधी वाचा. डॉक चांगलाच आहे पण तुमच्या लॅपटॉपला चालत नाही, अशा वेळी बदलून दुसरा तसलाच डॉक आला तर काय करायचं त्याचं.

कंपन्यांनी काढून टाकलेले जुने डॉक स्वस्तात मिळतात आणि मला स्वतःला ते आवडतात, पण तिथे दोन गोष्टी बघा. अ‍ॅडॅप्टर मूळचा आहे का, नसेल तर सौदा सोडा. आणि थंडरबोल्ट ३ चे सुरुवातीचे डॉक थंडरबोल्ट नसलेल्या यूएसबी-सी लॅपटॉपला चालतच नाहीत, स्वस्त म्हणून उचलाल आणि दाराला अडकवायचं वजन घरी आणाल.

## टप्पा ९: जोडायचा क्रम

सगळं एकदम खुपसू नका. नाही चाललं तर कशामुळे ते कळत नाही.

१. लॅपटॉप मूळ चार्जरवर ठेवून बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मुळातलं सॉफ्टवेअर), ग्राफिक्स आणि थंडरबोल्टचे अपडेट करून घ्या. डिस्प्लेलिंक असेल तर ड्रायव्हर आत्ताच टाका.

२. डॉकचा अ‍ॅडॅप्टर भिंतीत, मग डॉकमध्ये. इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर टेबल चालत असेल तर डॉकचा लोडही त्यात धरा. अर्थिंग नसलेल्या प्लगवर मेटलच्या लॅपटॉपला हात लागला की झिणझिण्या येतात, अर्थिंग तपासून घ्या.

३. एकच मॉनिटर डॉकला लावा आणि मॉनिटरच्या मेनूतून योग्य इनपुट निवडा.

४. मग लॅपटॉपची केबल. अर्धा मिनिट थांबा, पहिल्यांदा ओळख पटायला वेळ लागतो. थंडरबोल्टने परवानगी विचारली तर कायमची द्या.

५. दुसरा मॉनिटर. मग कीबोर्ड-माउस, मग लॅन, सगळ्यात शेवटी हार्ड डिस्क.

तपासा: डिस्प्ले सेटिंग्जमधल्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये प्रत्येक मॉनिटरपुढे ६० हर्ट्झ दिसतंय का. बॅटरीच्या चिन्हावर स्लो चार्जर असं तर येत नाही ना. आणि दिवसभराचं नेहमीचं काम करून संध्याकाळी बॅटरी सकाळपेक्षा कमी तर नाही. परतीची मुदत संपायच्या आत हे तीनही करा.

झाकण बंद करून वापरणार असाल तर विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्सला जाऊन झाकण बंद केल्यावर काहीही करू नये असं ठरवून द्या, नाहीतर पहिल्याच मीटिंगला लॅपटॉप झोपी जाईल.

## टप्पा १०: अडलं तर

मॉनिटर मधेच काळा होऊन परत येत असेल तर आधी मॉनिटरची केबल बदलून बघा, डॉक नाही. छोट्या हबवर चार्जर काढला-लावला की मॉनिटर क्षणभर जातो आणि हार्ड डिस्कही सुटते, कारण पॉवरची बोलणी नव्याने होतात. म्हणून कॉपी चालू असताना चार्जरला हात लावायचा नाही. डॉक अचानक काहीच करेनासा झाला तर लॅपटॉपची केबल काढा, अ‍ॅडॅप्टर भिंतीतून काढा, मिनिटभर थांबा आणि टप्पा ९ च्या क्रमानेच परत लावा. नुसता लॅपटॉप रीस्टार्ट करून डॉक रीस्टार्ट होत नाही. डॉकचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, कंपनीच्या साइटवर असेल तर तेही टाका, आणि टाकताना केबल हलवू नका.

आणि वायरलेस माउस अडखळायला लागला तर नवीन माउस घेऊ नका, मी एकदा घेतलाय. यूएसबी ३ च्या पोर्टांचा रेडिओ लहरींचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पसरतो आणि माउसचा छोटा रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतो. रिसीव्हर डॉकच्या मागून काढा, शंभर रुपयांची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन तो टेबलावर माउसच्या शेजारी आणून ठेवा.